टकल्यावरची रेघ

काल दुपारी जेवणं आटोपून मी भांडी पालथी घालत होते, तेवढ्यात टकला वाजला. कडाड् करून एकदाच, चुलीत ओला बांबू फुटावा तसा. पडवीत आमची सून केतकी लॅपटॉप घेऊन बसली होती, ती ताडकन उठली. "आई, सुरुंग लावतायत का कुठे?"

"छे गं, सुरुंग कसला! टकला आहे तो. दसरा आला ना, आता महिनाभर अधूनमधून बोलेल."

ती मागच्या दारातून वर बघत राहिली. लग्न होऊन आठ महिने झालेत तिला. पावसाळाभर ती इथेच होती, पण पावसाळ्यात टकला गप्प असतो. त्याला कंठ फुटतो तो ऑक्टोबरच्या उन्हात.

टकला म्हणजे आमच्या घरामागचा कातळ. दगड एकच, पण वाडीतली सगळी घरं अंगणांसकट त्याच्यावर मावतील एवढा. उलट्या ठेवलेल्या कढईसारखा गोल, वर झाड नाही की झुडूप नाही, कडेला गवताची चार कुसळं तेवढी. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं टकलो. सरकारी नकाशावर त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे. ते मी तीस वर्षं पोरांना सांगत आले आणि पोरं तीस वर्षं ते विसरत आली. आमचा सगळा मुलूख तांबड्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा. विहीर खणा, चिरा. घर बांधा, चिरा. त्यात हा एकटाच करड्या ग्रॅनाइटचा, कुणी दूरचा पाहुणा येऊन बसल्यासारखा. खरं तर पाहुणा चिरा आहे. तो फार नंतर आला. घर टकल्याचं.

मी भूगोलाची बाई. निवृत्त झाले तरी खोड जात नाही, तेव्हा थोडं सोसा. हा दगड उन्हात जन्मलेला नाही. जमिनीच्या पोटात, खूप खोल, तापलेला रस सावकाश थिजत गेला आणि त्याचा हा झाला. तेव्हा त्याच्या डोक्यावर अख्ख्या डोंगरांचं ओझं होतं. मग पावसानं ते ओझं धुऊन नेलं. किती वर्षं लागली विचारू नका, आपल्या वर्षांनी मोजायची ती गोष्टच नाही. ओझं उतरलं आणि दगड फुगला. फुगला म्हणजे पुरीसारखा टम्म नव्हे, अगदी किंचित, पण दगडाला किंचितही पुरतं. फुगताना त्याला भेगा गेल्या, त्या उभ्या नाहीत. त्याच्या पाठीच्या गोलाईला धरून आत थरावर थर पडले. आता ऊन लागतं, पाऊस मुरतो, मुळं घुसतात आणि वरून एकेक थर सुटत जातो. पुस्तकात ह्याला अपपर्णन म्हणतात. वाडीवर म्हणतात, टकल्याक पोपडे सुटले. पुस्तकाशी माझं भांडण नाही, उभा जन्म त्याच्यावर भाकरी खाल्ली. पण पोपडे म्हटलं की पहिलीतल्या पोरालाही कळतं.

सुटलेला पोपडा लगेच पडत नाही, हे महत्त्वाचं. तो वर्षानुवर्षं जागेवरच असतो. दिसायला दगडच, रंग तोच, उतार तोच. खाली मात्र बोटभर फट. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याचा पत्ता लावणं हेच आमच्या घरचं काम होतं, आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कापणीत ते काम चुकलं. त्या चुकीत माझा वाटा आहे. इतकी वर्षं झाली, दरवर्षी हळवं भात पिवळं पडलं की मला ती कापणी आठवते.

हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात, दसऱ्याच्या आगेमागे कापतात. उशिराचं ते गरवं, ते दिवाळीनंतर. आमच्याकडे उकडे तांदूळ खातात, आणि उकडा करायचा तर भात आधी भिजवायचं, मोठ्या तपेल्यात उकडायचं, मग वाळवायचं. ओलं उकडलेलं भात काय वजनदार असतं ते ज्यानं वाहिलं त्यालाच ठाऊक. म्हणून वाडीतल्या सहाही घरांच्या चुली त्या दिवसांत टकल्यावर मांडायच्या. वर कातळात परातीएवढे, न्हाणीएवढे खळगे आहेत, त्यांत पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं. पाणी तिथेच, चूल तिथेच, तपेलं आडवं केलं की वाळवणही तिथेच. वाफेचा तो वास! तुसाचा, ओल्या मातीचा आणि पेजेचा मिळून एकच वास. आताही लिहिताना मला भूक लागली.

पण ग्रॅनाइटवर जाळ म्हणजे खेळ नव्हे. अंगाला घट्ट असलेला दगड ताप सोसतो, आत खेचून घेतो. सुटलेला पोपडा तापला की त्याला जायला जागा नसते, तो फाटकन उडतो. वाळवणाचंही तेच. पोपड्यावर पसरलेलं भात वरवर चटकन सुकतं आणि गिरणीत नेलं की त्याची कणी होते. तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, कोयत्याची पाठ घेऊन टकल्यावर चढायचे आणि पावला-पावलावर ठोके मारत जायचे. घट्ट दगड म्हणायचा टण्ण. सुटलेला म्हणायचा बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे चुन्यात बुडवलेल्या फडक्यानं भोवती रेघ. रेघेच्या आत चूल नाही, वाळवण नाही. हे काम त्यांच्या वडिलांचं, त्यांच्या आधी आणखी कुणाचं. टकल्यावर ही एकच सत्ता होती आणि ती आबांच्या कानाची होती.

कानही तसेच. नारळ कानाशी हलवून पाणी सांगायचे, फणसाला टिचकी मारून दिवस सांगायचे. माणूस किडकिडीत, गुडघ्यापर्यंत पंचा, आणि आवाज मात्र असा की पिंगुळीच्या बाजारात बोलले तर कुडाळात ऐकू जाईल, असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाईंना सगळे आये म्हणत, मीही म्हणू लागले.

मी मिठबावची. समुद्र, वाळू, माड, हापूस. दगड म्हणून मला माहीत होता तो किनाऱ्यावरचा, लाटांनी खाल्लेला. बी.एड. करून आले होते, लग्नानंतर महिन्याभरात इथल्याच हायस्कुलात लागले, आणि लागल्या लागल्या नववीला धडा आला विदारणाचा, खडक झिजण्या-फुटण्याचा. मी वर्गात कांदा घेऊन गेले. एकेक साल काढून दाखवली, पोरं खूश. त्याच तोऱ्यात घरी आले, ओटीवर बसलेल्या आबांनाही कांदा दाखवला. "आबानू, तुमचो टकलो असो आसा."

आबांनी कांदा हातात घेतला, उलटसुलट केला. "गो बाय, कांदो सोलणारी तू. टकल्याक कोण सोलता?"

"ऊन! दिवसा तापता, रातीक थंड होता."

"मगे ह्यो दारातलो फातर दिसभर उनातच आसा. तो कित्याक सुटणा नाय?"

फातर म्हणजे दगड. मी कांदा परत घेतला आणि आत गेले. ओझं उतरल्याची गोष्ट मी पुढे केव्हातरी जाड पुस्तकात वाचली, तोवर फजिती होऊन गेली होती. आये माजघरात पदर तोंडाला लावून हसत होती. नव्या सुनेचा कांदा वाडीभर फिरला. विहिरीवर गेले की बायका म्हणायच्या, "काय गो बाई, आज काय सोललंस?" मी वरून हसायचे आणि आतून ठरवून टाकलं की ह्या घरात दगडाबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही.

हा हट्ट पुढे महाग पडला.

कारण तोवर मला एक गोष्ट दिसू लागली होती. चहा झाला म्हणून हाक मारली तर आबा मान हलवायचे आणि चहा थंड व्हायचा. घरात कुणी आलं की तेच आधी बोलायला लागायचे आणि थांबायचेच नाहीत. मला वाटायचं, काय बोलका माणूस! मग कळलं, स्वतः बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. आये जेवताना नेहमी त्यांच्या डाव्या हाताला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसायची. मी पानं उलटसुलट मांडली तर मुकाट्यानं उचलून परत तशीच मांडायची.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चुन्याची वाटी धरायला मी गेले. सूर्य नुकता वर आला होता, कातळावर अजून गारवा होता. आबा पुढे, मी मागे. टण्ण. टण्ण. टण्ण. खालच्या अंगाला खळग्याच्या जवळ, जिथे आमची चूल मांडायची असं त्यांच्या मनात होतं, तिथे कोयता पडला आणि बद्द वाजलं. स्पष्ट. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसं. आबा थांबले नाहीत. पुढे गेले. त्यांना सगळे ठोके सारखेच लागत होते. गेली दोन वर्षं ते कानानं नव्हे, आठवणीवर रेघा मारत होते, आणि नव्यानं सुटलेल्या पोपड्याची आठवण असणार कुठून?

मी म्हटलं, "आबानू..."

आता ते वळले म्हणजे ऐकू गेलं असं नव्हे, मी जवळ आलेली त्यांना दिसली. "काय गो?"

आणि मी, वर्गात पन्नास पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, म्हणाले, "काय नाय. ऊन लागता."

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. तो मी डोक्यावर घेतला आणि वाटी धरून मागून चालत राहिले. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं.

दोन दिवसांनी चूल पेटली. पहिलं तपेलं सुखरूप उतरलं. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस, तुलाच चुकीचं ऐकू आलं असेल. दुसरं तपेलं चढलं, उकळी आली, आबा लाकूड पुढे सारायला वाकले आणि पायाखाली तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. हातभर लांबीची दगडाची चकती एका बाजूनं वर उचलली गेली. चुलीचा एक दगड कलला, तपेलं कललं आणि उकळतं पाणी भातासकट आबांच्या उजव्या पायावर. ते ओरडले नाहीत. मागे बसले, आणि पायाकडे न बघता त्या फुटलेल्या जागेकडे बघत राहिले. आत नवा दगड उघडा पडला होता, पांढरा, गुलाबी झाक असलेला, अभ्रकाच्या चमकीनं उन्हात चकचकणारा. त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाई, तो चेहरा! भाजल्याचं दुखणं त्यात नव्हतंच. कसं चुकलं, एवढंच होतं.

कुडाळच्या डॉक्टरांनी पाय बांधला, महिनाभर जमिनीला लावायचा नाही म्हणाले. संध्याकाळी वाडीतली माणसं येऊन गेली. शहाळी आणली, विचारपूस केली, दगडाबद्दल एक अक्षर नाही. आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनाकाकीनं आपली टकल्यावरची चूल मोडून खाली स्वतःच्या अंगणात मांडली. "यंदा खालीच बरा," एवढंच म्हणाली. मग दुसऱ्या घरानं, मग तिसऱ्यानं. आबा खाटेवरून बघत होते. वाडीनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी आठ परत दिल्या असत्या आणि मोकळे झाले असते. पण सहा चुलींपैकी पाच गुपचूप खाली आल्या आणि टकला रिकामा झाला. आबांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. इतका बोलका माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

तिसऱ्या दिवशी मी आयेला सांगितलं. भांडी घासता घासता, तिच्याकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. ती राखेचा हात तसाच धरून थांबली. "माका ठावक आसा गो. दोन वर्सां झाली. पन सांगतलो कोण?" म्हणजे ती मानानं गप्प, मी मानानं गप्प, आणि आम्हा दोघींच्या मानानं त्यांचा पाय भाजला. आम्ही दोघी तिथे मोरीवर बसून रडलो. मग आये म्हणाली, जा, तूच सांग, माझं ऐकायची त्यांना सवय नाही.

मी खाटेजवळ गेले. "आबानू, त्या दिसा माका आयकूक इला होता. तो फातर पोकळ वाजलो. मी बोललंय नाय."

त्यांनी मान वळवली. माझ्या ओठांकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. मला वाटलं आता घराबाहेर काढतात.

"मोठ्यान बोल गो," ते म्हणाले. "माका आयकूक येणा नाय."

इतकंच. दोन वर्षं अडवून धरलेलं ते वाक्य त्यांनी नव्या सुनेसमोर टाकून दिलं. मी ओरडून पुन्हा सांगितलं, वाडीभर ऐकू गेलं असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मेल्या कानांका शिरा पडली." ती शिवी ऐकून आये दारात हसली आणि रडली, दोन्ही.

पाय बरा होत आला तशी वरची कातडी सुटू लागली. रोज थोडी थोडी, पापुद्र्या-पापुद्र्यानं, आणि खालून नवी गुलाबी कातडी निघाली. मी मलमपट्टी करायचे आणि मला ती फुटलेली जागा आठवायची. "बग," आबा म्हणायचे, "माकाय पोपडे सुटले. टकलो आनि मी एकच." माझ्या कांद्याचा सूड घेऊन झाला होता, आता थट्टा राजरोस चालायची. मीही सोडायची नाही. "आता फुगू नका म्हणजे झालं," म्हणायची.

कार्तिक लागला. पहाटे दंव पडू लागलं, गरवं भात कापणीला आलं. एके दिवशी उजाडताना बघते तर आबा खाटेवर नाहीत. मी धावत मागच्या दारी. ते काठी टेकत टकल्यावर चढलेले, अनवाणी. नव्या कातडीला चप्पल सोसत नव्हती. मी वर पोचले तेव्हा ते एका जागी उभे होते, उजवा पाय ठेवायचे, उचलायचे, हातभर बाजूला ठेवायचे, उचलायचे.

"हयसर थंड आसा," ते म्हणाले. "आनि हयसर तेवडा नाय. कोयतो हाड."

मी घरी पळत जाऊन कोयता आणला. थंड म्हणाले तिथे मारला. बद्द. बाजूला मारला. टण्ण.

"फातर काय म्हणता?" आबांनी विचारलं.

"पोकळ!" मी ओरडले. "थंड आसा थंय पोकळ!"

त्या सकाळी आम्ही अख्खा टकला पालथा घातला. ते पायानं सांगायचे, मी कोयत्यानं तपासायची. चुकलं ते दोन-तीनदाच. दहा वाजता ऊन चढल्यावर पुन्हा फिरलो, तर उलटा प्रकार. पहाटे जो पोपडा जास्त गार होता तोच आता आधी तापलेला. मला तर वर्गात बक्षीस मिळाल्यासारखं झालं. मी हातवारे करून, ओरडून त्यांना समजावलं की घट्ट दगडाला आतल्या मोठ्या अंगाची ऊब असते, सुटलेल्याला ती मिळत नाही. तो पातळ, एकटा, म्हणून पटकन गार आणि पटकन गरम.

आबांनी ते मनाशी घोळवलं. मग म्हणाले, "म्हंजे ज्येचो आपल्या मुळाचो धर सुटलो, तेका थंडीय आदी वाजता नि ऊनय आदी लागता."

मिठबाव सोडून मला पाच महिने झाले होते. मी तिथेच कातळावर बसले आणि हमसून रडले. आबांना माझं रडणं ऐकू येत नव्हतं पण दिसत होतं. ते बाजूला बसून राहिले. पुढच्या रविवारी मला माहेरी पाठवलं, चांगलं चार दिवस, कापणी चालू असताना. आयेनं कपाळाला हात लावला.

मी परत आले त्या दिवशी रेघ मारली. आबांचा पाय पुढे, माझा कोयता मागे, आणि दोन्हींचं जुळलं तरच चुना. अर्ध्यावर आलो तेव्हा खालून जनाकाकी चढून आली. डोक्यावर रिकामं तपेलं, काखेत सुकी लाकडं. धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "आबानू, माजी चूल खंय मांडू?"

आबांना ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ते वाक्य शब्द न शब्द ओरडले. त्यांनी काठीनं जागा दाखवली. मग तोंड फिरवून उगाचच दूर डोंगराकडे बघत राहिले. संध्याकाळपर्यंत सहाही चुली वर आल्या.

पुढे चौदा वर्षं आम्ही दोघांनी तो टकला सांभाळला. "मोठ्यान बोल" हे आमच्या घरात परवलीचं झालं. मुलगा शाळेत पडला, मला बढती मिळाली नाही, आये आजारी पडली, काहीही असो, कुणी तोंडातल्या तोंडात बोलू लागलं की आबा कानामागे हात धरायचे. ते गेले ते मार्गशीर्षात, रेघ मारून झाल्यावर. शेवटच्या वर्षी त्यांना वर चढवत नव्हतं. ते मागच्या दारात बसले, मी वर कोयता मारत गेले आणि प्रत्येक जागेवरून हात वर करून त्यांना खूण करत गेले.

ती फुटलेली जागा आता शोधून सापडत नाही. पहिली पाच-सहा वर्षं ती लांबूनही दिसायची, सोललेल्या खोबऱ्यासारखी. मग करडी झाली, मग तिच्यावर दगडफूल चढलं, हिरवट काळं. जवळ वाकून नखानं खरवडलं तर दाणे सुटतात. त्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज सडून त्याची पांढरी माती होते, अभ्रक चमकत उडून जातं, राहते ती गारगोटीची वाळू. पावसात ती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून खाली जाते, कर्ली नदीत पडते, देवबागच्या मुखाशी समुद्राला मिळते. माझ्या मिठबावच्या किनाऱ्यावरची वाळू दुसऱ्या कुठल्या तरी टकल्याची असणार, पण असणार टकल्याचीच. मी माहेरी गेले की पायाला लागलेली वाळू झटकताना म्हणते, तुम्हीसुद्धा कुणाचे तरी पोपडेच.

लोक म्हणतात दगड अमर. भूगोलाच्या बाईला हे सांगू नका. दगड झिजतो, सुटतो, आणि तरीही टकला आहे तसाच गोल आहे, कारण एक थर गेला की खाली तशाच आकाराचा दुसरा तयार असतो. मला ह्याचं कधी दुःख झालं नाही. मला तर धीर येतो.

आता वाडीत घरी उकडा करणारी तीनच घरं उरली. बाकीच्यांचं भात परस्पर गिरणीत जातं. आमचं मात्र अजून वर शिजतं. आता मी साठी ओलांडली. घरातले म्हणतात टीव्हीचा आवाज माझ्यामुळे वाढतो. मी म्हणते, हल्लीचे नट पुटपुटतात. परवा दारावर पोस्टमन तीनदा हाक मारून गेला म्हणे. मारली असेल, त्याचाही आवाज बसका आहे.

आज सकाळी मी कोयता घेतला. काल टकला वाजलेला ऐकून केतकीला उत्सुकता लागली होती, चुन्याची वाटी तिनंच घेतली. वरच्या अंगाचं झालं, मधलं झालं. खळग्याजवळ आमच्या चुलीच्या जागेवर मी कोयता मारला आणि पुढे पाऊल टाकलं.

"आई, थांबा. इथे पोकळ वाजलं."

मला राग आला. खरंच सांगते, तिडीकच गेली डोक्यात. आठ महिने झाले हिला येऊन. मी परत मारला, मुद्दाम जोरात. वरच्या अंगाला वाजला होता तसाच वाजला. काही फरक नाही. "अगं, काय पोकळ? तुझ्या जन्माआधीपासून मी हा दगड वाजवतेय!"

केतकीचा चेहरा उतरला. तिनं वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती म्हणेल की ऊन लागतंय, असं मला वाटलं. मी त्या वाक्याची वाटच बघत होते.

"नाही आई," ती म्हणाली. "पोकळच आहे. तुम्ही रागावा, पण इथे चूल नको."

मी तिच्याकडे बघितलं. मग खाली बसले आणि चपला काढल्या. उजवा पाय त्या दगडावर ठेवला, मग हातभर बाजूला ठेवला, मग पुन्हा तिथे. गार होता. चांगलाच गार होता.

कोयता तिच्या हातात दिला, वाटी माझ्याकडे घेतली.

"चल पुढे," म्हटलं. "आणि मोठ्यानं बोल गं. मला ऐकू येत नाही."